देवघरातले हातमोजे

रंगूबाईंच्या घरात आजवर कुणी चमच्यानं जेवलं नव्हतं. ऋषिराज मात्र परवापासून चमचा हातातून सोडत नव्हता.

वरण-भात चमच्यानं. भाजी चमच्यानं. भाकरीचा तर तुकडाही मोडत नव्हता. मंगळवारी सकाळी त्यानं दूध-भाकरी मागितली, आणि भाकरी कुस्करून द्यायला घरकामाच्या राहीबाईला सांगितलं. तेव्हा मात्र रंगूबाईंचं तोंड सुटलं.

"आरं, तुझा आजा पलटणीत सायबांच्या पंगतीला काट्या-चमच्यानं जेवायचा, पर घरी आला की पाची बोटांनी. तू सांगलीला फुटबॉल खेळून आलास का लंडनला जाऊन आलास?"

"हात दुखावलाय आज्जी. फायनलला बॉल बसला बोटांवर."

"बघू."

"राहू दे की." त्यानं दोन्ही हात मांडीखाली सारले. "त्या बिरदेवनं अख्खा सीझन मातीत घातला, त्याला कोण काय बोलंना. आन् माझ्या चमच्यावर सगळ्यांचा डोळा."

अर्धं ताट टाकून तो उठला. अन्न टाकून उठणारा माणूस रंगूबाईंना उभ्या जन्मात आवडला नव्हता. मग तो जावई असो, आमदार असो, नाहीतर एकुलता नातू. "बापानं लाडावलंय," त्या चुलीकडे बघून बोलल्या. चुलीनं कधी उलट उत्तर दिलं नाही, म्हणून तिच्याशी त्यांचं पटायचं.

बाप म्हणजे हंबीरराव. कोरेगावात ऊस, साताऱ्यात कॉलेजच्या मंडळाचं अध्यक्षपद, आणि दोन्हीकडे सारखाच रुबाब. त्या कॉलेजचा फुटबॉलचा संघ म्हणजे दरवर्षीचं हसं होतं. पहिल्या फेरीत जायचं, मार खायचा, वडापाव खाऊन परत यायचं. यंदा जतकडचं एक धनगराचं पोरगं आलं आणि गोलात उभं राहिलं. बिरदेव. लांब हाताचा, कमी बोलणारा. कराडला त्यानं एकही गोल होऊ दिला नाही. इस्लामपूरलाही नाही. मिरजेत तर पेनल्टी दोन्ही हातांत अशी धरली, की जणू कळपातनं सुटलेलं कोकरू धरतोय. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो त्याचा आला. कॅप्टन ऋषिराजचं नाव खाली, बारीक अक्षरात.

रविवारी सांगलीत, सांगलीच्याच संघाशी फायनल झाली. विद्यापीठाच्या संघासाठी पोरं निवडणारी माणसं तिथंच बसली होती. या कॉलेजातनं एकच पोरगं घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विद्यापीठाकडनं खेळलं, की पलटणीत खेळाडू म्हणून भरती व्हायची वाट उघडते. बिरदेवला तेवढंच पाहिजे होतं.

आणि नेमका त्याच दिवशी बिरदेव नाचला. गोलात उभा राहून हात चोळत, उड्या मारत नाचला. दोन साधे चेंडू त्याच्या हातातनं निसटले. शेवटी हातमोजे भिरकावून तो मैदानाबाहेर पळाला. कुणीतरी ते फोनवर टिपलं, त्याला तमाशातलं गाणं जोडलं, आणि संध्याकाळपर्यंत साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सगळे हसत होते. सोमवारी हसणं संपलं आणि बोलणं सुरू झालं. बिरदेवचा मामा सांगलीत हळदीच्या बाजारात हमाली करतो. तो म्हणे सांगलीच्या संघाच्या माणसाबरोबर चहा पिताना दिसला. बिरदेव विकला गेला. हात चोळणं सगळं नाटक.

विद्यापीठाच्या यादीत नाव आलं ऋषिराजचं.

आता मंगळवारी दुपारी मंडळाची बैठक रंगूबाईंच्याच सोप्यात होती. बिरदेवला संघातनं आणि कॉलेजातनं काढायचं, आणि तसं विद्यापीठाला कळवायचं. एकदा तसं कळवलं, की त्या पोराला कुणी गावच्या जत्रेतसुद्धा खेळवलं नसतं.

दारात कुणीतरी म्हातारं खाकरलं.

नऊवारी, कपाळावर भंडारा, पायांत टायरच्या चपला. हातात प्लास्टिकची पिशवी, तोंडाला घट्ट गाठ मारलेली. मागं फाटकाशी एक उंच पोरगं मान खाली घालून उभं. त्याचे दोन्ही हात जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेले.

"रंगूबाई कोन?"

"मीच. या, बसा."

"बसाय न्हाई आले. मी तानुबाई. बिरदेवची आज्जी. जतंवरनं आले." त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि पायरीवर उपडी केली. दोन मोठे, जाड हातमोजे पडले. वाळलेल्या चिखलाखाली अजून हळद-कुंकवाची बोटं दिसत होती. "ह्ये तुमच्या देवाजवळनं आल्यालं. तुमच्या देवाला परत द्या."

"माझ्या देवाचं नाव घ्यायच्या आधी तोंड सांभाळा, बाई."

"मी सांभाळते. तुमी मोजं सांभाळा. ह्येच घालून माझ्या लेकराचं हात भाजलं. डागदर म्हनतो, कसलीतरी अलर्जी. तुमची मानसं म्हनत्यात, नाटक. मेंढरामागं हिंडनाऱ्या पोराला नाटक करायला कवा शिकवलं आमी?"

रंगूबाईंना राग आला की त्या हातानं बोलायच्या. त्यांनी एक मोजा उचलला आणि तो भिरकावायला आत बोट घातलं.

क्षणभर काही झालं नाही. मग बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत आग चढली.

रंगूबाईंनी मोजा हळूच खाली ठेवला. चेहरा हलू दिला नाही. "राहीबाई," त्या म्हणाल्या, "शेण आण. ओलं. आन् पाण्याचा तांब्या लांब ठेव."

राहीबाई गोठ्याचं आणि घरचं काम बघायची. तिनं शेण आणलं, मालकिणीच्या बोटाला लिंपलं, मोज्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आगंबाया. खाजकुयली."

"व्हय. आन् त्यो शब्द ह्या पायरीवरच ऱ्हाऊ दे. हंबीररावाला कळाय नको, ऋषीला कळाय नको, कुत्र्यालासुदिक कळाय नको." मग तानुबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "आता बसा. ही येल असती. शेंगंवर तांबूस कूस असती, मखमलीवानी. अंगाला लागली की मानूस कातडं ओरबाडून काढतो. वाळल्याली असली तर लय वाईट."

"आमच्या माळावर असलं काय न्हाई," तानुबाई म्हणाल्या. "आमच्याकडं काटं हायती. पर ते दिसत्यात."

हा टोमणा रंगूबाईंना लागला. त्यांनी तो गिळला. त्यांनी फाटकाकडे हाक मारली.

"बिरदेव, हिकडं ये. मोजे कवा घातलेस?"

"सामना सुरू व्हायच्या टायमाला."

"त्येच्या आधी सरावाला?"

"जुनं घातलं हुतं. सर म्हनले, कॅप्टन बी म्हनला, देवाजवळचं हाय, मैदानात उतरतानाच घाल. मलाबी त्ये पटलं."

"तवर मोजे कुठं हुते?"

"पिशवीत. गाडीत माझ्याच मांडीवर, सरावाला माझ्या पायाशी. कुनाच्या हातात दिलं न्हाई."

"आग सुटली तवा काय केलंस?"

"आधी वाटलं घाम. हाफटायमाला नळाखाली हात धरलं. मोज्यात बी पानी वतलं. मग तर इस्तूच लागला."

रंगूबाईंनी राहीबाईकडे पाहिलं. राहीबाईनं मान हलवली. खाजकुयलीला पाणी लावायचं नसतं, हे उसाच्या पट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाण्यानं ती पसरते. ओलं शेण लिंपायचं, वाळू द्यायचं आणि खपलीबरोबर कूस उपटून काढायची. हे ठाऊक असणारा माणूस भर सामन्यात नळाखाली हात धरत नाही. आणि हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं खाजकुयली आणायची कुठनं?

"तवाच काढून का टाकलं न्हाईस, वेड्या?"

पोरानं पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमी सोता हळद-कुकू लावलं हुतं, आज्जी. पूजा केल्याली वस्तू पायाखाली कशी टाकू? लय सोसलं. मग न्हाई सोसलं."

रंगूबाई उठून देवघरापर्यंत गेल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

शनिवारी संध्याकाळी सगळा संघ मुक्कामाला इथंच होता. त्यांचा नवरा हवालदार होता. दसऱ्याला घरात त्याची तलवार आणि पलटणीतली पेटी पुजायची रीत होती. रंगूबाईंनी ठरवलं, पोरं लढाईला चालली आहेत, तर त्यांची हत्यारंही पुजायची. बूट चामड्याचे, म्हणून ते उंबऱ्याबाहेर ओळीत मांडले. चेंडू आणि हातमोजे तेवढे आत घेतले. हातमोजे दोन जोड होते. एक बिरदेवचा, दुसरा राखीव गोलकीपर कृष्णातचा. रंगूबाईंनी दोन्हींवर हळदीची बोटं ओढली.

आणि त्यांच्या देवघरात परका माणूस शिरत नसे. घरातलं माणूस, तेही अंघोळ केलेलं. मास्तर असो, मंत्री असो, उंबऱ्याच्या अलीकडे. त्या रात्री नेहमीप्रमाणे रंगूबाईंचं अंथरूण दाराला लागूनच होतं.

पाहुण्या पोरांतलं कुणी आत गेलं नव्हतं. जाऊच शकत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या नियमानं दार बंद केलं होतं. आता त्या बंद दाराआड कोण कोण होतं, एवढंच मोजायचं राहिलं होतं, आणि त्यांना ते मोजायचं नव्हतं.

दुपारी बैठकीच्या आधी नानासो सर आले. संघाचे प्रशिक्षक. तीन महिने छाती काढून फिरणारा माणूस दोन दिवसांत वाकला होता. बरोबर कृष्णात. बैठकीत साक्ष द्यायला त्याला बोलावलं होतं.

रंगूबाई ओट्यावर मिसरी लावत बसल्या होत्या. "कृष्णात, हिकडं ये रं. तुला खेळायला मिळालं म्हनं परवा."

"शेवटची धा-पंधरा मिन्टं, आक्का."

"बिरदेव गेला म्हनून."

पोराचा चेहरा लाल झाला. "सगळी माझ्याकडं तशीच बघत्यात. मी काय केलं न्हाई आक्का. भावासारखा हाय त्यो माझ्या."

"भाऊच करत्यात," रंगूबाई म्हणाल्या. "तुझे मोजे कुठले घातले हुतेस?"

"तेच की, तुमी पुजलेले. बिरदेवच्या मोज्याला चिकटूनच ठेवले हुते तुमी."

"हात बघू."

कृष्णातनं तळहात पुढं केले. स्वच्छ. एक ओरखडा नाही.

"जा. भाकरी खा आत जाऊन."

मग त्यांनी सरांना बसायला पाट दिला. "सर, मी अडाणी बाई. मला तुमचा खेळ कळत न्हाई. पोरं चेंडूमागं पळत्यात एवढंच दिसतं. मला सांगा, ह्यात हात कुनी लावायचा?"

"चालू खेळात फक्त गोलकीपरनं, आक्का. बाकी कुणी लावला की फाऊल. पंच लगेच शिट्टी मारतो."

"चुकून लागला तर?"

"बोटं दुखावण्याइतका लागला तर सगळ्या मैदानाला दिसतो."

"मग परवा आपल्यातल्या कुनाला लागला?"

सरांनी आठवून पाहिलं. आठवायला फार काही नव्हतं. तो सामना त्यांना झोपेतही दिसत होता. "कुणालाच नाही. हारलो, पण हँडबॉलची एकसुद्धा शिट्टी आपल्यावर वाजली नाही."

रंगूबाईंचं मिसरीचं बोट दातावर थांबलं. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. उठून चूळ भरली, तोंड पुसलं, आणि परसात राहीबाईला गाठलं.

"रविवारी पहाटं गोठ्यात तू एकटीच हुतीस?"

राहीबाई हसली. "सांगायचंच ऱ्हायलं बघा, आक्का. आपलं धाकलं मालक आलं हुतं. निघायच्या जरा आधी. शेणात मनगटापर्यंत हात घालून बसलं हुतं. मी म्हनलं, आज सूर्व्या कुनीकडनं उगवला? तर म्हनलं, शेणी थापतोय." तिचं हसणं मध्येच मावळलं. तिनं मालकिणीच्या लिंपलेल्या बोटाकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"तू काय बघितलं न्हाईस," रंगूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "न्हाई. तू बघितलंयस. सोप्यात ये."

सोप्यात मंडळ जमलं. हंबीरराव मधल्या खुर्चीत, दोन्ही बाजूंना मंडळाची माणसं, कोपऱ्यात नानासो सर. ऋषिराज खांबाला टेकून, हात खिशात. पायरीच्या खाली, उन्हात, तानुबाई आणि बिरदेव. त्यांना वर कुणी बोलावलं नव्हतं.

हंबीररावांनी घसा साफ केला. "तर, सदर खेळाडूच्या वागणुकीमुळं कॉलेजच्या नावाला जो बट्टा लागला..."

"जरा थांब." रंगूबाई आतून आल्या. हातात पत्र्याचं ताट, ताटात ते हातमोजे. "आधी त्यांना वर घे. माझ्या घरात न्याय व्हायचाय तर उन्हात उभं करून न्हाई."

"आई, ही बैठक हाय. तुझं काय हितं?"

"माझं देवघर हाय हितं. वर या, तानुबाई."

त्या वर आल्या. सतरंजीच्या कडेला बसल्या.

रंगूबाईंनी ताट हंबीररावांच्या पुढ्यात ठेवलं. "ह्येच घालून पोरगं नाचलं म्हनता. मोज्यात कायच न्हवतं, सगळं नाटक, असं लिहिलंय ना तुमच्या कागदात?"

"व्हय. साधे मोजे हायत."

"मग घाल बघू हातात. सगळ्यांच्या देखत. तुला काय झालं न्हाई तर मी सोता त्या कागदावर अंगठा देते."

हंबीरराव हसले. आईचे हट्ट त्यांना नवे नव्हते. त्यांनी बाही सारली, एक मोजा उचलला, आणि बोटं आत घालायला लागले.

"आबा, नको! हात घालू नका!"

ऋषिराज खांबापासून निघून अर्ध्या सोप्यात आला होता. त्यानं बापाच्या हातातला मोजा कोपरानं उडवला. बोटानं नाही, कोपरानं. मोजा सतरंजीवर पडला.

ऋषिराजनं दोन्ही हात पुन्हा खिशात घातले.

"का रं?" रंगूबाई म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. त्या घरातल्या जुन्या माणसांना त्या मऊपणाची भीती वाटायची. "का नको? साधे मोजे हायत की."

"न्हाई... म्हणजे... त्याच्या हाताला झालं ना कायतरी, म्हणून म्हणलं..."

"दोन दिस तर तू म्हनत हुतास, नाटक. आत्ता कायतरी झालं व्हय? मोज्यात काय हाय ते मी सकाळधरनं घरातल्या कुनाला सांगितलं न्हाई. तुझ्या बापाला ठाव न्हाई, सरांना ठाव न्हाई. तुला कसं ठाव?"

ऋषिराज पुन्हा खांबाकडे सरकला.

"मग मी सांगते. हंबीरराव, मोज्यात खाजकुयली हाय. आपल्या हिरीच्या बांधावरची. सक्रातीनंतर जाळा म्हनून मी कवाधरनं ओरडतीया, ती. जतंच्या माळावर ती उगवत न्हाई. त्या पोराला ती ठाव असती तर त्यानं पान्यात हात घातला नसता."

"वाऱ्यानं उडून पडली असंल," मंडळातला एकजण म्हणाला. "फुलाबिलाबरोबर आली असंल."

"दोन जोड शेजारी हुते. कृष्णातच्या हातावर पुळी उठली न्हाई. वारा काय नाव वाचून मोजे धुंडतो व्हय? कुनीतरी वळखून, एकाच जोडात, आतल्या अंगाला चोळली. आन् मोजे आले कुठनं? माझ्या देवघरातनं. तितनं निघाल्यावर ते पोराच्या नजरेआड झाले न्हाईत. म्हंजी जे झालं ते देवघरातच झालं. तिथं जानारी मानसं कोन? मी. हंबीरराव, तू. आन् हा. सून भावाच्या घरभरणीला गेल्याली. तू शनवारी संध्याकाळीच सांगलीला गेलास, पाहुन्यांची सोय बघाय. ऱ्हायलो आमी दोघं."

हंबीररावांनी मुलाकडे वळून पाहिलं.

"रविवारी पहाटं मी ह्याला म्हनलं, अंघोळ झालीय तर आत जाऊन मोजे आन. हा म्हनला, आज्जी, जरा दार लोटतो, देवाजवळ बसतो. मी बाह्यर बसून डोळं पुसलं. म्हनलं, पोरगं देवाला लागलं." त्या ऋषिराजकडे वळल्या. "देवाच्या पुढ्यात बसून चोळत हुतास. आन् चोळताना तुझ्याबी बोटाला लागलं. जे पेरलं ते तितंच उगवलं. मग गोठ्यात पळालास. शेण लावायचं ठाव हुतं, आमच्यात वाढलायस. राहीबाई, काय बघितलंस?"

राहीबाईनं खाली बघत सांगितलं.

"आन् मला म्हनला, बोटांवर बॉल बसला. मी अडाणी, मला वाटलं बसत असंल. सरांनी सांगितलं, ह्या खेळात गोलकीपराबिगर कुनी हात लावला तर शिट्टी वाजती. परवा एकबी वाजली न्हाई. काढ हात खिशातनं."

ऋषिराजनं हात काढले. बोटांची टोकं सोलून लाल झाली होती, नखांच्या कडेला रक्त वाळलं होतं. बिरदेवनं ते पाहिलं आणि आपले चिंध्यांतले हात नकळत मांडीवर घेतले.

"मला वाटलं..." ऋषिराजचा आवाज फाटला. "मला वाटलं सुरवातीलाच त्याला कळंल. बाह्यर बसंल. कृष्णात उतरंल. जितणारच होतो की आपण! मी कॅप्टन, आन् सगळा सीझन नुसतं बिरदेव, बिरदेव! मी गोल मारायचे आन् फोटो त्याचा. मला काय ठाव हा बसून सोसत ऱ्हाईल?"

"ठाव हुतं," बिरदेव म्हणाला. सगळ्या दुपारभरात तो आपणहून एवढंच बोलला. "तूच म्हनलास, देवाजवळचं हाय, मधी काढू नको."

नानासो सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आन् मामाचा चहा?" रंगूबाईंनी विचारलं. "त्यो कुनी उठवला?"

कृष्णात दारातनं म्हणाला, "आमच्या ग्रुपवर पयला ऋषीनंच टाकलं, आक्का."

हंबीरराव उठले. चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाजात अजून अध्यक्ष होता. "आई, झालं ते झालं. पोरगं चुकलं. ह्या पोराला काढायचं रद्द करू, कागद फाडून टाकू. पर ही घरची गोष्ट घरात ऱ्हाऊ दे. यादीत नाव लागलंय त्याचं. आयुष्याचा प्रश्न हाय."

"कुनाच्या आयुष्याचा?"

"आपल्या..."

"मीबी तेच म्हनते. आपलं ते आयुष्य, आन् त्यांचं ते काय, मेंढरं?" त्या तानुबाईंकडे वळल्या. "बाई, तुमी सकाळी माझ्या देवाला बोल लावलात. मला राग आला हुता. आता न्हाई."

"माझा पोरगा परत उभा ऱ्हाईल का तिथं?" तानुबाईंनी विचारलं. "तेवढंच सांगा. बाकी तुमचं तुमी बघा."

सर म्हणाले, "यादी गेलीय. नाव रद्द झालं तर ते दुसऱ्याला घेतील. कुणाला, ते मी सांगू शकत नाही. मी जाऊन भांडेन." त्यांनी बिरदेवच्या चिंध्यांकडे पाहिलं. "आणि हात बरे व्हायला पाहिजेत."

तानुबाईंनी मान हलवली. दिलासा घेण्याची त्यांना सवय नव्हती. त्या उठल्या, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरू लागल्या.

"थांबा," रंगूबाई म्हणाल्या. "त्याला काय सांगायचंय ते तुमच्या देखत सांगते. मागनं सांगितलं तर हा बाप ते धुऊन टाकील."

मग त्या ऋषिराजसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो त्यांच्यापेक्षा दीड हात उंच होता. तरी मान त्यालाच खाली घालावी लागली.

"ऐक. तुझा फोन काढ. त्या पोराचा नाच जसा गावभर फिरला, तसंच तुझं तोंड फिरलं पायजे. काय केलंस, कुठं बसून केलंस, मामाचं खोटं कुनी उठवलं, सगळं. गाणं-बिणं लावायचं न्हाई. मग विद्यापीठात फोन कर आन् नाव काढून घे, आन् का काढलंस तेबी सांग. बापानं मधी तोंड घातलं तर त्याचंबी ताट ह्या घरात मांडायचं न्हाई. सकाळी मी तुला चमच्यावरनं बोलले. चूक माझी झाली. तुझा चमचा बरोबर हुता. ज्या हातानं देवाच्या पुढ्यात दुसऱ्याच्या अन्नात माती कालवलीस, त्या हातानं माझ्या चुलीवरची भाकरी मोडायची न्हाई. बोटं बरी झाली तरी न्हाई. बिरदेव सोता ह्या सोप्यात येऊन मोड म्हनला तर मोड. न्हाई आला, तर मी मेल्यावर माझ्या तेराव्यालाबी चमच्यानंच जेव."